‘द इन्स्टिट्यूट’ आणि कैदेचा नेटका कारभार

अलौकिक शक्ती असलेली मुले, त्यांना पळवून नेऊन डांबून ठेवणारी एक गुप्त संस्था आणि तिथून निसटण्याचा एका मुलाचा प्रयत्न, एवढे सांगितले की थरारकथा वाचणाऱ्या कुणालाही पुढचे सारे आपल्याला ठाऊकच आहे असे वाटू लागते. स्टीफन किंग यांची ‘द इन्स्टिट्यूट’ ही कादंबरी सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्याविषयी माझीही अपेक्षा फार वेगळी नव्हती. कथानकाचा सांगाडा खरोखरच ओळखीचा आहे, आणि तो नवा असल्याचा आव लेखकाने कुठे आणलेलाही नाही. तरीही हे पुस्तक वाचून झाल्यावर मनात जे टिकून राहते त्याचा अलौकिक शक्तींशी फारसा संबंध नाही. मुलांना छळण्याचे काम एखाद्या सुरळीत चालणाऱ्या कचेरीच्या कामासारखे कसे होऊन जाते, याचे चारपाचशे पाने भरतील इतके बारीक चित्रण या कादंबरीत आहे, आणि माझ्या मते तिचे बळ तिथेच आहे. पुढे कथानकातील बऱ्याच गोष्टी, शेवटासह, उघड होणार आहेत. ज्यांना कोऱ्या मनाने वाचायचे असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावे हे बरे.

कादंबरीची सुरुवात मुलांपासून होतच नाही. टिम जेमिसन नावाचा फ्लॉरिडातील एक माजी पोलीस विमानातील आपली जागा दुसऱ्याला देऊन उतरतो, मिळेल त्या वाहनाने उत्तरेकडे निघतो आणि दक्षिण कॅरोलायनातील ड्यूप्रे या आडगावी पोहोचून तिथे रात्रीची गस्त घालण्याची नोकरी धरतो. त्यानंतर शेकडो पाने त्याचे नावही येत नाही. अनेक वाचकांना हा भाग उगाच लांबवलेला वाटतो. मला तो आवडला, कारण साध्या माणसांच्या साध्या सौजन्यावर चालणारे गाव आधी पाहिलेले असल्याशिवाय, पुढे येणाऱ्या संस्थेतील सौजन्य किती नकली आहे हे तितक्या तीव्रतेने जाणवले नसते.

मग येतो ल्यूक एलिस. हा बारा वर्षांचा मुलगा मिनियापोलिसजवळ आईवडिलांबरोबर राहतो. त्याची बुद्धिमत्ता असामान्य आहे, इतकी की याच वयात तो दोन विद्यापीठांत एकदम प्रवेश घेण्याच्या तयारीत आहे. त्याच्याजवळ आणखीही एक गोष्ट आहे, पण ती अगदीच किरकोळ. तो फार आनंदात किंवा फार बेचैन असला की जवळची एखादी हलकी वस्तू आपोआप सरकते. पिझ्झाची रिकामी थाळी टेबलावरून खाली पडते. त्याच्या ‘शक्ती’ची मजल इतकीच. किंग यांनी आपल्या पहिल्या कादंबरीत, म्हणजे १९७४ च्या ‘कॅरी’मध्ये, एका मुलीच्या संतापाने अख्खे गाव उद्ध्वस्त केले होते आणि १९८० च्या ‘फायरस्टार्टर’मधील चिमुरडी नुसत्या मनाने आग लावू शकत होती. तिथे मुलांच्या शक्तीची मोठ्यांना वाटणारी धास्ती समजण्यासारखी होती. इथे मात्र शक्ती जाणूनबुजून क्षुल्लक ठेवली आहे. संस्थेतील कुणाला समोरच्याच्या मनातले अधूनमधून ऐकू येते, कुणाला चमचा हलवता येतो, आणि तेही हुकमी जमतेच असे नाही. या मुलांपासून कुणालाच धोका नाही, म्हणून त्यांना कोंडण्यासाठी ‘समाजाचे रक्षण’ ही नेहमीची सबबही पुढे करता येत नाही. त्यांना कोंडले आहे ते केवळ त्यांचा उपयोग आहे म्हणून. लेखकाचा हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे कादंबरीचे लक्ष मुलांच्या चमत्कारांवरून आपसूकच मोठ्यांच्या वागण्याकडे वळते.

ल्यूकचे अपहरण काही पानांतच उरकते. रात्री घरात शिरलेली तीन माणसे त्याच्या आईवडिलांना गोळ्या घालतात आणि त्याला बेशुद्ध करून नेतात. तो जागा होतो तेव्हा स्वतःच्याच खोलीत असतो. भिंतीवरची चित्रे तीच असतात, मांडणीही तीच असते, फक्त खोलीला खिडकी नसते. मेन राज्याच्या दाट जंगलातील त्या इमारतीत आणलेल्या प्रत्येक मुलासाठी त्याच्या घरच्या खोलीची अशी नक्कल आधीच तयार ठेवलेली असते. याचा अर्थ ते घर कुणीतरी आधी नीट न्याहाळले आहे, सामानाची यादी केली आहे, खरेदीला मंजुरी घेतली आहे आणि पलंगाची चादरसुद्धा जुळवून आणली आहे. हे सर्व मूल घाबरू नये म्हणून केले आहे, आणि नेमके त्याच कारणासाठी ते वाचताना अंगावर काटा येतो.

संस्थेचे दोन भाग आहेत, पुढचा आणि मागचा. पुढच्या भागात तपासण्या होतात, इंजेक्शने दिली जातात, डोळ्यांपुढे रंगीत ठिपके नाचू लागेपर्यंत प्रयोग चालतात. वस्तू हलवू शकणाऱ्या मुलांमध्ये परचित्तज्ञानही, म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ऐकण्याची शक्तीही, जागी व्हावी म्हणून त्यांना पाण्याच्या टाकीत बुडवून धरले जाते. मूल नाही म्हणाले तर थोबाडीत बसते किंवा विजेच्या दांड्याचा झटका मिळतो. निमूटपणे सहन केले तर मिळतात टोकन. ही टोकन कॅन्टीनमधील व्हेंडिंग मशीनमध्ये टाकली की खाऊ मिळतो, आणि दहाबारा वर्षांच्या मुलांना सिगारेट व दारूही मिळते. मुलांना या गोष्टींची मुभा का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो आणि त्याचे उत्तर हळूहळू उमगते: ज्या मुलांना मोठे होऊच द्यायचे नाही, त्यांच्या फुप्फुसांची काळजी कुणी करायची? किंग हे थेट सांगत बसत नाहीत. यंत्रात ठेवलेल्या वस्तूंची नावे देतात आणि पुढे जातात.

मला या टोकनांनी सर्वांत जास्त अस्वस्थ केले. मार खाल्लेले मूल मुठीत चारदोन टोकन घेऊन यंत्रापाशी उभे राहते, काय घ्यावे याचा विचार करते आणि तेवढ्या वेळापुरते एक साधे गिऱ्हाईक बनते. छळ आणि बक्षीस एकाच हातून मिळू लागले की छळणाऱ्याचा राग धरणेही अवघड होते, आणि ‘शहाण्यासारखे वागलो तर बरे वागवतील’ हा समज मूल स्वतःच स्वतःला घालू लागते. त्यातच मुलांना सांगून ठेवलेले असते की हे सगळे देशसेवेसाठी आहे, मागच्या भागातील काम संपले की त्यांची स्मृती पुसली जाईल आणि त्यांना आईवडिलांकडे परत पाठवले जाईल. आईवडील जिवंत नाहीत हे सांगणाऱ्यांना पक्के माहीत असते.

इथे एका खऱ्या घटनेची आठवण अटळ आहे. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम या गावी फर्नाल्ड स्कूल नावाची सरकारी संस्था होती. मतिमंद असा शिक्का मारून ठेवलेल्या, पण प्रत्यक्षात सर्वसाधारण बुद्धीच्याही असलेल्या आणि घरच्यांनी टाकून दिलेल्या अनेक मुलांना तिथे ठेवले जाई. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या काही मुलांना किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम मिसळलेले खाद्य देऊन शरीरात ते कसे शोषले जाते याचा अभ्यास करण्यात आला. अभ्यास करणारे संशोधक एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठाचे होते आणि क्वेकर ओट्स कंपनीचे त्याला पाठबळ होते. या मुलांचा एक ‘सायन्स क्लब’ काढण्यात आला होता. क्लबात आलेल्यांना जादा दूध मिळे, बेसबॉलचा सामना पाहायला नेले जाई, समुद्रकिनाऱ्याची सहल मिळे. पालकांना पाठवलेल्या पत्रांत या सवलतींचा उल्लेख होता, किरणोत्साराचा नव्हता. हे प्रकरण सर्वांसमोर आले ते १९९३ च्या अखेरीस, म्हणजे चार दशकांनी. अध्यक्ष क्लिंटन यांनी नेमलेल्या समितीने किरणोत्साराच्या इतर प्रयोगांबरोबर याचीही छाननी केली. दिलेली मात्रा कमी असल्याने मुलांच्या प्रकृतीला अपाय झाला असण्याची शक्यता फारशी नाही, पण त्यांच्यावर अन्याय निश्चित झाला, असा तिचा निष्कर्ष होता. १९९८ मध्ये एमआयटी आणि क्वेकर ओट्स यांनी १८ लाख ५० हजार डॉलर देऊन हा दावा मिटवला.

फर्नाल्डच्या सायन्स क्लबमध्ये कुणी मुलांना विजेचे झटके देत नव्हते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका तराजूत घालता येणार नाहीत. पण कोंडलेल्या मुलाला एका सामन्याच्या तिकिटाचे किती अप्रूप असेल हे कुणीतरी हिशेबात धरले होते, आणि संमती मिळवण्याची ती सर्वांत स्वस्त रीत आहे हे त्याला कळलेले होते. टोकनांमागची बुद्धी तीच. किंग यांनी फर्नाल्डवरून काही घेतले असा माझा दावा नाही; तिथे घडलेले वाचल्यानंतर कादंबरीतील कॅन्टीन अतिशयोक्त वाटत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

अमेरिकी वाचकाला गुप्त संस्थेची कल्पना पटवून द्यायला लेखकाला फारसे कष्ट पडत नाहीत, याला इतिहासही कारण आहे. सीआयएने १९५३ मध्ये सुरू केलेल्या ‘एमके-अल्ट्रा’ प्रकल्पात माणसांना त्यांच्या नकळत एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य देण्यापर्यंत मजल गेली होती आणि १९७३ मध्ये त्याची बहुतेक कागदपत्रे वरिष्ठांच्या आदेशाने नष्ट करण्यात आली. दूरवरचे दृश्य मनाने पाहू शकणाऱ्या माणसांचा हेरगिरीसाठी उपयोग होईल का, यावरही अमेरिकी सरकारने १९७२ पासून पैसा घातला. पुढे ‘स्टारगेट’ या नावाने ओळखला गेलेला हा उद्योग १९९५ मध्ये बंद झाला तेव्हा खर्च सुमारे दोन कोटी डॉलरवर गेला होता आणि हेरगिरीच्या प्रत्यक्ष कारवाईला उपयोगी पडेल असे काही त्यातून मिळाले नसल्याचे मूल्यमापनात नोंदवले गेले. कादंबरीतील संस्था मात्र कुठल्याही सरकारच्या अखत्यारीत नाही. तिचे काम सुरू आहे कारण ते आधीपासून सुरू आहे.

आणि म्हणूनच ती झिजलेली आहे, हा लेखकाचा आणखी एक नेमका बारकावा. सर्वशक्तिमान संस्थांच्या कथांत यंत्रणा चकचकीत असते. इथे कॅमेरे जुनाट आहेत, काही नीट चालत नाहीत, काही कोपरे त्यांच्या नजरेत येतच नाहीत, कुंपणाखालची जमीन कुठे धसली आहे याकडे कुणाचे लक्ष नाही. वर्षानुवर्षे एकही मूल पळालेले नाही, म्हणून पळू शकणार नाही असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. संचालिका मिसेस सिग्स्बी हिची करडी शिस्त, सुरक्षाप्रमुख स्टॅकहाउसचे ताळेबंद आणि डॉक्टर हेंड्रिक्सचे संशोधनाच्या नावाखालचे चाळे या सगळ्यांत एक समान धागा आहे. यांच्यापैकी कुणालाही आपण वाईट काम करतो आहोत असे वाटत नाही. खालचे कर्मचारी तर पाळी संपायची वाट पाहणारे साधे नोकरदार आहेत. त्यांतल्या काहींना मुलांना मारण्यात मजा येऊ लागली आहे आणि ती त्यांना कामाचाच भाग वाटते. २०२५ मध्ये या कादंबरीवर आलेल्या मालिकेत मेरी-लुईस पार्कर यांनी सिग्स्बीची भूमिका केली आहे. पडद्यावर ही बाई अधिक माणसाळलेली दिसते, पण मला पुस्तकातील कोरडी, आकड्यांत बोलणारी सिग्स्बी जास्त खरी वाटते.

या कर्मचाऱ्यांत मॉरीन अल्व्हर्सन ही खोल्या आवरणारी बाई सर्वांत गुंतागुंतीची आहे. नवऱ्याने करून ठेवलेल्या कर्जाच्या ओझ्याखाली ती दबली आहे, आणि मुले विश्वासाने जे बोलतात ते वरिष्ठांपर्यंत पोहोचवून ती जादा पैसे मिळवते. तिच्याशी दोन शब्द बरे बोलणारा ल्यूक तिला कर्जातून मार्ग कसा काढता येईल हे समजावून सांगतो. सहानुभूती दाखवून काहीतरी साधायचे असा त्याचा डाव सुरुवातीला नसतो. तो मुलगाच तसा आहे. पुढे त्याच्या सुटकेची वाट तीच दाखवते आणि त्याची किंमत स्वतःच्या जिवाने चुकवते. एका चांगल्या कृत्याने आधीच्या चुगल्या पुसल्या जातात का, याचा निवाडा लेखक करत नाही. तिला क्षमा करावी असे मला वाटले, पण तिच्या सांगण्यावरून ज्यांना शिक्षा झाली असेल त्या मुलांच्या वतीने ती क्षमा करणारा मी कोण, असेही वाटले.

ल्यूकचे पलायन हा थरारकथा म्हणून पुस्तकाचा सर्वोच्च बिंदू आहे. कुंपणाखालून सरपटणे, कानाच्या पाळीत बसवलेले मागोवा घेणारे यंत्र काढण्यासाठी पाळीच कापून टाकणे, अंधारात नदीतून होडीने जाणे आणि मग मालगाडीत लपून दिवसभराचा उपाशी प्रवास, हे सारे इतके अंगाने लिहिलेले आहे की बुद्धिमत्ता आणि शक्ती या दोन्ही गोष्टी विसरल्या जातात आणि उरतो तो रक्ताळलेला, तहानलेला एक मुलगा. यानंतर ल्यूक टिमच्या गावी, ड्यूप्रेत, पोहोचल्यावर तिथे होणारी गोळीबाराची लढाई मात्र मला ठोकळेबाज वाटली. गावातील लोक भराभर बंदुका काढतात आणि आतापर्यंत थंड डोक्याने चाललेली संस्था एकाएकी बावळटासारखी वागू लागते. शंभरेक पाने आधी जे लिखाण एका टोकनावर थांबून राहत होते ते इथे प्रेते मोजत धावते.

मागच्या भागात काय चालते हे तोवर कळलेले असते. तिथे मुलांना एकत्र बसवून चित्रफिती दाखवतात. त्यांत एक अनोळखी माणूस असतो, आणि त्या सर्व मुलांच्या एकत्रित मनःशक्तीने तो दूरवरचा माणूस अपघातात किंवा आत्महत्येने मरतो. एकट्या मुलाची किरकोळ शक्ती अशा रीतीने जोडून तिचे शस्त्र बनवले जाते. मुलांना असह्य डोकेदुखी होते आणि काही काळाने त्यांची मने विझून जातात. ज्या जोडणीवर संस्था चालते तीच तिच्या नाशाला कारण होते, ही रचना कुशल आहे. दहा वर्षांचा एव्हरी डिक्सन, वयापेक्षाही लहान वाटणारा, सतत रडणारा, पण मने वाचण्यात सर्वांत ताकदवान असा मुलगा, मागे राहिलेल्या सगळ्यांना एकत्र बांधतो. कलीशा, निक, जॉर्ज या ल्यूकच्या तिथल्या मित्रमैत्रिणींना बाहेर काढून तो स्वतः आत थांबतो आणि इमारत कोसळते. तिथे मला किंचित थांबावे लागले.

शेवटच्या प्रकरणात बोबड्या उच्चारांचा एक माणूस वाचलेल्या मुलांना भेटायला येतो आणि संस्थेची बाजू मांडतो. त्याच्या म्हणण्यानुसार भविष्य पाहू शकणारी काही माणसे संस्थेला सांगत असत की अमुक माणूस जिवंत राहिला तर पुढे त्याच्यामुळे जगाचा विध्वंस होईल. मुलांच्या हातून अशी माणसे मारली गेली म्हणून अणुयुद्ध टळले. मूठभर मुलांच्या बदल्यात अब्जावधी जीव. ल्यूक याला बुद्धिवंताला शोभेल असे उत्तर देतो. इतक्या दूरच्या भविष्याचे भाकीत करणे शक्यच नाही, मध्ये असंख्य अनिश्चित घटना येतात, त्यामुळे तुमचा हिशेब ज्या आकड्यांवर उभा आहे तेच खोटे आहेत, असा त्याचा युक्तिवाद आहे. समोरच्याला तो पटत नाही, पण त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, असे दृश्य आहे.

वाद रंगतो, पण माझी खरी तक्रार इथेच आहे. भाकिते खोटी होती असे दाखवून दिले की कठीण प्रश्न सोपा होऊन जातो. ती खरी असती तर? शंभरातली नव्वद जरी अचूक निघत असती, तर ल्यूकने काय म्हटले असते? बाराव्या वर्षी त्याच्या आईवडिलांना झोपेत मारले गेले, त्याला पाण्यात बुडवले गेले, आणि या सगळ्याविषयी त्याला कुणी विचारले नाही, हे उत्तर कोणत्याही संभाव्यतेवर अवलंबून नव्हते. किंग यांनी ते वादाच्या केंद्रस्थानी आणले नाही, बहुधा गणिती मुलाने गणितानेच जिंकावे या मोहापायी.

आश्चर्य म्हणजे ते उत्तर त्यांनी आधीच्या प्रकरणात लिहून ठेवलेले आहे. एव्हरीही थोड्यांच्या बदल्यात पुष्कळांना वाचवतो. आकडेमोड बोबड्या माणसाचीच आहे. फरक असा की किंमत मोजणाऱ्याने ती स्वतः ठरवली आहे. अर्थात हेही पूर्णपणे निर्मळ नाही. एव्हरीबरोबर मागच्या भागातील ती मुलेही संपतात ज्यांची मने आधीच विझत आली होती, आणि त्यांच्या होकाराला नेमका काय अर्थ होता हे सांगणे कठीण आहे. ही अडचण लेखकाला दिसली असावी असे मला वाटते, कारण त्या मुलांकडे तो ओझरते पाहून लगेच कॅमेरा हलवतो. शेवटच्या वादात ल्यूकने संभाव्यता बाजूला ठेवून या मुलांविषयी बोलायला सुरुवात केली असती, तर बोबड्या माणसाला त्याच्या बाजूच्याही काही गोष्टी सापडल्या असत्या, आणि मग ते प्रकरण आजच्याहून कितीतरी जास्त अवघड झाले असते.